स्वतःहून दिलेलं नाव

किडवेली
रविवार, दुपार

प्रिय गेथिन,

परवाच तर फोनवर बोललो, मग आता ही बाई पत्र कशाला लिहीत बसली, असं तुझ्या मनात येईल. पण फोनवर आपण काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. तू विचारतोस, सगळं ठीक? मी म्हणते, ठीक. मी विचारते, हवा कशी आहे? तू म्हणतोस, वारा आहे. मग तिथे, भर समुद्रातल्या तेलाच्या रिगवर, फोनसाठी तुझ्यामागे रांगेत उभा असलेला कुणीतरी खाकरतो आणि आपण फोन ठेवतो. त्यानंतर मी बराच वेळ फोनपाशीच बसलेली असते, हे तुला दिसत नाही. तूही तिकडे तसाच बसत असशील का? पण नाही, रांग असते म्हणा. तुला उठावंच लागत असेल.

आधी इकडच्या बातम्या सांगते. पुढचं दार ओलीने फुगलंय, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. पोस्टमन म्हणाला, नवऱ्याला सांगा रंधा मारायला. मी हो म्हटलं. खाडीकडच्या कुरणात मेंढ्या सोडल्यात, पहाटेपासून त्यांचा गलका चालू असतो आणि त्याची मला सोबत वाटते. आईचा गुडघा तसाच आहे. बुधवारी ती बस पकडून येते, मनुका घातलेला पाव आणते आणि जाताना त्यातला अर्धा परत घेऊन जाते, कारण माझ्याकडे तो तसाच पडून राहतो. गेल्या बुधवारी तिने फ्रिज उघडून पाहिला. दूध, अर्धं लोणी, अंडी. म्हणाली, 'डेलिथ, वृद्धाश्रमात चाळीस म्हाताऱ्यांना रांधून घालतेस, आणि तुझ्या फ्रिजमध्ये दुष्काळ?' मी म्हटलं, तिथे चाखूनच पोट भरतं. खरं म्हणजे मी कामावरून येते, टोस्ट भाजते आणि ओट्याशी उभ्यानेच खाते. टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची रिकामी दिसते.

गावाला वाटतं, आपलं उत्तम चाललंय. मला सगळ्यात जड जातं ते हेच. आई तर सगळ्यांना कौतुकाने सांगते, माझ्या लेकीने घर घेतानाच विमा उतरवून ठेवला होता, नोकरी गेली तरी हप्ता चुकत नाही. त्यामुळे कुणी काही विचारत नाही. दिवाळं निघालेल्या माणसाची लोक चौकशी तरी करतात, डब्यात काहीतरी घालून पाठवतात. आपल्या दाराशी कोण येणार? ख्रिसमसच्या आधी खाटकाच्या दुकानात तुझ्या कारखान्यातल्या विनची बायको रिअन भेटली. बाळ कडेवर, हातात पिशव्या. हसत हसतच म्हणाली, 'तुमचं बरंय बाई. तिकडून विमा, इकडून रिगचा पगार. आमच्या विनला कारखाना अर्ध्या पाळीवर बोलावतो, त्यात काय भागणार? आणि एवढं असून गेथिन गेला कशाला एवढ्या लांब? हौस म्हणून?' मी म्हटलं, पैसा कुणाला नको असतो. तीही हसली, मीही हसले. बाळाने माझ्या मफलरची झालर मुठीत धरली होती, ती सोडवायला आम्हा दोघींना वेळ लागला.

ख्रिसमसला तू आला नाहीस. दुप्पट पगार होता, ते मला कळतं. मीही काम मागून घेतलं. वृद्धाश्रमात सगळ्यांना टर्की वाढली, कागदी टोप्या घातल्या, आणि घरी आल्यावर तुझी भेट उघडली. लोकरीचे हातमोजे. दुकानातल्या बाईने बांधलेली गाठ तशीच होती. मी ते घालूनच बसून राहिले, कारण हीटर लावायचा नाही असं ठरवलं होतं.

तुला प्रॉसरबाईंचं ऑफिस आठवतं? बाई टेबलावर पुदिन्याच्या गोळ्यांची वाटी ठेवत आणि तू एकामागून एक उचलत होतास. आपण दोघं नवे कपडे घालून गेलो होतो, जणू काही लग्नच ठरवायला आलोय. पहिलंच घर, पहिलंच कर्ज. कर्जाचं सगळं समजावून झाल्यावर त्या म्हणाल्या, आणि हा विमा, हवा असेल तर. नोकरी गेली तर दोन महिने तुम्ही सांभाळायचं, त्यापुढे वर्षभर हप्ता विमा कंपनी भरेल. तू मला पायाने ढोसलंस. म्हणालास, 'म्हणजे दर महिन्याला पैसे भरायचे, आणि वाईट काही झालं नाही तर ते बुडाले म्हणून हळहळायचं?' प्रॉसरबाई हसल्या. मी हसले नाही.

मी का हसले नाही ते तुला माहीत होतं. बाबांचं पोलादाच्या कारखान्यातलं काम गेलं तेव्हा मी चौथीत होते. पहिले काही महिने आई शिवणकामावर रेटत होती, मग तेही जमेना. घर सोडायच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते, कुणी बघतंय असं आम्हाला वाटू नये म्हणून. बाबांनी गाद्या टेम्पोत टाकल्या, आणि मग बादली आणून पुढची पायरी घासून धुतली. आई म्हणाली, अहो, आता ती बँकेची. ते घासतच राहिले. धुऊन झाल्यावर किल्ली खिडकीत ठेवली. नंतर सरकारी फ्लॅटमध्ये बारा-तेरा वर्षं काढली त्यांनी, पण भिंतीला एक खिळा मारला नाही. आपल्या लग्नाचा फोटोसुद्धा कपाटावर टेकवून ठेवलेला असायचा. म्हणून मी प्रॉसरबाईंना परत परत विचारलं, नक्की कधी देतात, कधी देत नाहीत? त्यांनी सांगितलं, कंपनीने काढलं तर देतात. नोकरी जाणार अशी कुणकुण आधीच लागलेली असेल आणि मग विमा घेतला, तर नाही. आणि स्वतःहून सोडलीत, तर एक पेनीसुद्धा नाही. तू म्हणालास, 'स्वतःहून कोण सोडतंय? वेड लागलंय का?' आणि सही केलीस. माझ्यासाठी केलीस. ते मी कधी विसरले नाही.

मग आपण हे घर सजवलं. स्वयंपाकघरातलं कपाट तू कारखान्यातून आणलेल्या फळ्यांचं केलंस आणि एक दार उलटं बसवलंस. मी जिन्याच्या भिंतीवर एवढे फोटो टांगले की तू म्हणालास, भिंत पडेल. बाबांना दाखवायला हवं होतं.

गाड्यांचा धंदा बसला आणि तुमच्या कारखान्यात माणसं कमी करायला लागले तेव्हा आपण दोघंही तसे निवांत होतो, आठवतं ना? तुझ्या टूलरूममधले सगळे काळवंडून गेले होते. विनचं घर आपल्यानंतर वर्षभराने झालेलं, रिअन तेव्हा पोटुशी, आणि त्यांनी विमा घेतलेला नव्हता. तू घरी येऊन सांगायचास, विन जेवणाचा डबा न उघडताच परत नेतो. त्यानंतर त्यांचं बाळ वेळेआधी झालं, किती आठवडे तो इस्पितळातून कामावर आणि कामावरून इस्पितळात. आणि मग एप्रिलमध्ये एके दिवशी तू दुपारीच आलास. दारात उभा राहून म्हणालास, 'माझं नाव आलं यादीत.' मी तुला जवळ घेतलं. आणि गेथिन, माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? विमा आहे. मला जवळजवळ अभिमानच वाटला. त्या संध्याकाळी आपण जुन्या धक्क्यावर बसून कागदातले मासे आणि चिप्स खाल्ले. मी बडबडत होते, वर्षभर तर सुटलो, तोवर काहीतरी मिळेलच. तू नुसता पाण्याकडे बघत होतास. मला वाटलं, कामाचं दुःख आहे. मी माझ्यातले अर्धे मासे तुला दिले आणि तू ते खाल्लेसही.

आता जे लिहिते आहे ते नीट वाच.

तू विमा कंपनीशी बोललास त्या दिवशी आमच्या आश्रमातला बॉयलर बंद पडला होता. दुपारचं थंडच जेवण देऊन त्यांनी आम्हाला लवकर सोडलं. मी मागच्या दाराने आत आले. तू पुढच्या खोलीत फोनवर होतास, पाठमोरा. मी हाक मारणार होते, पण तुझा आवाज मला वेगळा वाटला, चॅपलमध्ये वाचायला उभा राहतोस तसा. तू म्हणत होतास, 'नाही, तसं नाही झालं. त्यांनी माझं नाव घातलं नव्हतं. मी गेलो आणि सांगितलं, मला जाऊ द्या. हो. स्वतःहून.' मग तिकडून विमा कंपनीतली मुलगी बरंच काही बोलली असावी. बहुतेक तिने तुला वाट करून दिली असेल, असं म्हणायचं होतं का, तसं म्हणायचं होतं का, असं. कारण तू म्हणालास, 'नाही, ते मी बदलून सांगणार नाही. झालं ते असं झालं.' आणि शेवटी, 'नाही गं, तुझा काय दोष.'

मी आले तशी मागच्या दाराने बाहेर पडले. धक्क्यापर्यंत चालत गेले. ओहोटी होती, सगळीकडे चिखल, आणि एक बाई कुत्र्याला हाका मारत होती. रोजच्या वेळेला परत आले आणि दार मुद्दाम आपटलं. तू बटाटे सोलत होतास. मान वर न करता म्हणालास, 'विमावाल्यांनी नाही म्हटलं.' मी विचारलं, का? 'कसलीतरी अट. बारीक अक्षरातली.' मी म्हटलं, अशीच असतात ती माणसं. आणि दुसरा चाकू घेऊन तुझ्या शेजारी उभी राहिले. आपण दोघांनी मिळून किती बटाटे सोलले होते, तीन दिवस खात होतो.

तुझ्याकडून मला खरं ऐकायचं होतं, म्हणून मी थांबले. आज सांगेल, उद्या सांगेल. नोकरी सोडताना कारखान्याकडून मिळालेली रक्कम हप्त्यांत संपत गेली तेव्हा वाटलं, आता सांगेल. तू रिगवर माणसं पाठवणाऱ्या एबरडीनच्या त्या एजंटशी बोललास, आग विझवण्याचं आणि पाण्यातून सुटण्याचं शिक्षण घेऊन आलास, तू, ज्याला पोरांच्या होडीतही मळमळतं. तेव्हाही वाटलं. तू बॅग भरत होतास आणि मी दारात उभी राहून बघत होते, किती कपडे नेतोयस. हिवाळी कोट घेतलास की नाही. कारण तोवर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ज्या मुलीला तू आयुष्यात कधी पाहणार नाहीस, तिला तू खरं सांगितलंस, घर पणाला लावून सांगितलंस, आणि मला सांगितलं नाहीस. आणि धडधाकट माणूस आपली नोकरी आपणहून का सोडेल? मला एकच उत्तर सापडायचं. त्याला जायचं होतं. या गावातून, या घरातून, माझ्या त्या विम्यातून आणि खिळ्यांतून. माझ्या बाबांच्या घराची भरपाई करायला त्याने चार वर्षं हप्ते भरले, आता पुरे झालं असेल.

पहिल्या सुट्टीत तू आलास, पन्हळ दुरुस्त केलीस, आणि खूप झोपलास. दुसऱ्या सुट्टीत चार दिवसच आलास. त्यानंतर एबरडीनच्या गोदीत काम धरलंस, मधले आठवडे तिथेच. नाही म्हटलं की पुढच्या वेळी बोलावत नाहीत, असं सांगितलंस. मी म्हटलं, बरं. तुझा पैसा मात्र न चुकता येत राहिला, हप्त्याला लागतो त्याहून जास्त. कर्जवाल्यांच्या लेखी आपण फार चांगली माणसं आहोत.

मागच्या महिन्यात विन आला होता. रविवारी, चॅपल सुटल्यावर. एका हातात बटाट्यांची गोणी, दुसऱ्या हातात त्याच्या मळ्यातल्या लीकच्या जुड्या, कांद्याच्या पातीसारख्याच पण मनगटाएवढ्या जाड. मी म्हटलं, एवढं सगळं मी एकटी कधी खाणार? तो ते सगळं खाली न ठेवता स्वयंपाकघरात उभाच राहिला. मी खुर्ची पुढे केली. तुझीच. बसला, चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावेना. मला वाटलं, त्याचीही नोकरी गेली.

मग त्याने विचारलं, 'गेथिनने तुला सांगितलंय का?'

मी म्हटलं, काय?

तुमच्या कारखान्यातले हॉपकिनसाहेब डिसेंबरमध्ये निवृत्त झाले, तुला कळलं असेल. त्यांच्या निरोपाच्या जेवणानंतर त्यांनी विनला बाजूला घेतलं. म्हणाले, मला हे घरी घेऊन जायचं नाही, म्हणून तुला सांगतो. टूलरूममध्ये तुम्हा दोघांतला एकच ठेवायचा होता. कुणाला काढायचं ते ठरवायला कामाचे आणि हजेरीचे गुण मांडले होते, आणि बाळाच्या पायी एवढ्या रजा झाल्यामुळे विन खाली होता. नाव त्याचं होतं, गेथिन, तुझं नव्हतंच. तुला ते कुठून कळलं हे विनला माहीत नाही. पण तू हॉपकिनसाहेबांकडे गेलास आणि म्हणालास, त्याचं खोडा, माझं लिहा. ते म्हणाले, अरे, मग ते तू स्वतःहून सोडलं असंच धरलं जाईल, कागदावर तसंच जाईल, विचार कर. तू म्हणालास, केलाय. आणि म्हणालास, आम्ही दोघंच आहोत, आमचं कसंही होईल. विनला कळता कामा नये. आणि डेलिथला तर नाहीच.

विन हे सगळं टेबलाकडे बघत सांगत होता. मग म्हणाला, 'रिअनला मी अजून सांगितलेलं नाही. ती गावभर म्हणत फिरते, तुमचं बरंय म्हणून. मी ऐकतो आणि गप्प बसतो. तुमचा विमा... तो मिळाला नाही ना?' मी म्हटलं, नाही. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा मोठा माणूस, काय करावं मला सुचेना. मी म्हटलं, 'चहा घे विन, गार होतोय.' आणि त्याने घेतला, रे. एका दमात, औषधासारखा.

तो गेल्यावर मी जिन्यावर बसले. आधी मला हसू आलं, खरंच सांगते. तुला माझ्यापासून जायचं नव्हतं. एवढे महिने मी ज्या गोष्टीला घाबरून तुला काही विचारलं नाही, ती गोष्ट नव्हतीच. हसू ओसरल्यावर मात्र राग आला, इतका की मी ती लीकची जुडी उचलून मागच्या अंगणात फेकली. तू विनच्या बाळाचा विचार केलास, विनच्या घराचा केलास, आणि माझं घर मला न विचारता देऊन आलास. आम्ही दोघंच आहोत, म्हणालास. मग त्या दोघांतल्या एकीला विचारायचं होतं ना. पुढचे कितीतरी दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. कांदा चिरताना, बसमध्ये, म्हाताऱ्यांच्या खिरीत साखर घालताना. एकदा दुप्पट घातली, सगळे खूश झाले.

आणि त्या भांडणात मला एका ठिकाणी अडायला व्हायचं. तू विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं? मी नाही म्हटलं असतं, गेथिन. मी बाबांची ती पायरी तुझ्यासमोर उभी केली असती, रडले असते, आणि तू गेला नसतास हॉपकिनसाहेबांकडे. विन गेला असता. रिअनने त्या बाळाला घेऊन कुठल्यातरी फ्लॅटमध्ये भिंती कोऱ्या ठेवल्या असत्या. तू मला ओळखतोस, म्हणून विचारलं नाहीस. याचा मला अजूनही राग आहे आणि तो बराच काळ राहील, पण तो तुझ्या समोर बसून काढायचा आहे मला. असा रिकाम्या घरात नाही.

तू इकडे का येत नाहीस, तेही मला आता कळलंय असं वाटतं. विम्याने वर्षभर जे भरलं असतं, ते तू एकट्याने भरून काढतोयस. शेवटचा हप्ता हातात ठेवशील आणि मगच माझ्याकडे बघशील, असं काहीतरी तुझ्या डोक्यात आहे. तू एक पेला फोडलास तरी तसाच दुसरा मिळेपर्यंत गावभर फिरतोस, मी बघितलंय. पण फोनवर तुझा आवाज कसा झालाय ते तुला ऐकू येत नाही. मागच्या वेळी तू माझं नाव घेतलंस आणि मला वाटलं, कुणी परका माणूस बोलतोय.

म्हणून मी एक केलं. आधी कर्जवाल्यांकडे गेले. तिथे आता प्रॉसरबाई नाहीत, एक तरुण मुलगा आहे, चांगला वाटला. त्याने सांगितलं, अडचण असेल तर सहा महिने नुसतं व्याज भरा, मुद्दल नंतर बघू. पण सहा महिन्यांनंतर काय, तर परत हेच, तू तिकडे आणि मी इकडे. मग विन पुन्हा आला. लानेलीच्या कॉलेजात कार्यशाळेत पोरांना यंत्रकाम शिकवायला माणूस हवाय, ईस्टरनंतर. पगार रिगच्या निम्माही नाही. विन म्हणाला, मला विचारलं होतं, मी तुझ्या नवऱ्याचं नाव सांगितलंय, आता त्याने मला तरी नाही म्हणू नये. त्या पगारात आणि माझ्या पगारात हा हप्ता बसत नाही. मी सगळ्या बाजूंनी बसवून पाहिला. भाडं मात्र बसतं. चांभाराच्या दुकानावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, मी बघून आले. खाली दिवसभर ठोकाठोक चालते, पण खिडकीतून खाडी दिसते. घरमालकिणीला विचारलं, भिंतीला खिळे मारले तर चालतील का? ती म्हणाली, हवे तेवढे मारा.

गेल्या शनिवारी एक जोडपं घर बघून गेलं. ती नर्स, तो शाळेची बस चालवतो. त्यांचंही पहिलंच. तिने ते उलटं दार दोनदा उघडून बघितलं आणि म्हणाली, हे असंच राहू द्या. जाताना त्याने मला हळूच विचारलं, तुम्ही तो हप्त्याचा विमा घेतला होता का, आम्हाला सांगतायत घ्या म्हणून, उपयोग होतो का त्याचा? मी म्हटलं, घ्या. आणि दोघांच्याही पगारावर घ्या, आम्ही एकाच्याच घेतला होता. आणखी सांगावंसं वाटलं होतं, पण ती दोघं एकमेकांचा हात धरून उभी होती. मंगळवारी त्यांचा होकार आला. कर्ज फिटून थोडेफार उरतील, फार नाही. आईला मी सगळं सांगितलं. विमा नाही मिळाला हेही. ती म्हणाली, 'तुझ्या बापाला शेवटी कुणी विचारलं नव्हतं. तुला ठरवायला तरी मिळतंय.'

तर या पत्राचं कारण हे. घर दोघांच्या नावावर आहे, माझ्या एकटीच्या सहीने विकता येत नाही. वकील म्हणाला, कागद रिगवर पाठवा, तो सही करून परत पाठवेल, आठवड्याचं काम आहे. मी नाही म्हटलं. कागद या पाकिटात नाहीत, शोधू नकोस. ते स्वयंपाकघरात टेबलावर आहेत, आणि तुला सही करायची असेल तर इथे बसून कर, नाही करायची असेल तर तेही इथे बसूनच सांग. तू नको म्हणालास तर मी ऐकेन, मग त्यातून काय निघतं ते दोघं मिळून बघू. पण यावेळी मला विचारून. तुझी ही पाळी बुधवारी संपते. गोदीच्या कामाला नाही म्हण, त्यांनी पुन्हा बोलावलं नाही तरी चालेल. गुरुवारी स्वान्सीहून निघणाऱ्या संध्याकाळच्या गाडीला मी इथल्या फलाटावर असेन. चढल्या चढल्या गार्डाला सांगून ठेव, किडवेलीला उतरायचंय. बऱ्याच दिवसांत आला नाहीस, विसरशील. आधी सांगितलं नाही तर ती गाडी आपल्याकडे थांबत नाही.

वाट बघणारी, तुझीच
डेलिथ